शांतवनकाकांच्या रानातून उचललेलं

काका, तुमच्या मातीच्या दिवशी मी जे बोललो ते लोकांना फार आवडलं. कबरस्तानाच्या फाटकाशी एका बाईंनी माझा हात हातात धरून डोळे पुसले. सांगलीहून माझ्याबरोबर आलेले आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे पंच हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, मोठेपणा म्हणतात तो हा. स्वतःचे विचार तुम्ही त्या साध्या शेतकऱ्याच्या नावावर करून टाकलेत." मी मान खाली घातली. तीही त्यांना नम्रताच वाटली.

मी एवढंच म्हणालो होतो की श्रद्धा वाढण्याबद्दल आजवर मी जे जे सांगत आलो, ते सगळं मला शांतवनकाकांनी शिकवलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण मी बारा वर्षं खोटं इतकं निगुतीनं वाढवलं होतं, की खरं सांगितल्यावर लोकांना ते माझं औदार्य वाटलं. तुमच्या पेटीवर माती पडून तास झाला नव्हता, आणि तुमचं म्हणून जे होतं त्यातलं उरलंसुरलंही माझ्या पदरात पडलं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "साहेब, आधी खाली बसा. पानी प्या. मग सांगा." म्हणून बसलोय. सांगतो.

मी तुमच्या गावी आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. उंब्रजच्या आत चार-पाच मैलांवर तुमचं गाव, ख्रिस्ती घरं अकरा, पत्र्याचं छोटं चर्च. मी मिरजेत वाढलेला, वडील दवाखान्यात कारकून. आमच्या घरातली कोरफडीची कुंडीसुद्धा आईच सांभाळायची. धर्मशिक्षण नुकतंच संपलं होतं आणि अंगात फार बळ होतं. पहिल्याच रविवारी मी बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर उपदेश केला. चाळीस मिनिटं. मूळ ग्रीक शब्दसुद्धा सांगितले. उपासना सुटल्यावर तुम्ही दाराशी उभे राहिलात, धोतराचा सोगा धरून.

"सलाम साहेब. लय ग्वाड बोलला. एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमी कुनाला पेरताना बघितलंय का कवा?"

मागच्या बायका हसल्या. माझे कान तापले. तुम्ही मात्र हसत नव्हता. "मग उद्या सकाळी या रानात," म्हणालात. "हळदीची लागण चाललीया. चपला बांधावर काढाव्या लागतील, बगा."

मी आलो. तुम्ही वाकून सरीत हळदीचं एकेक बेणं ठेवत होता, त्याचा कोंबाचा डोळा वर येईल असं, आणि पायानं माती लोटत होता. काकी तुमच्या मागं. मला तुम्ही एक सरी दिलीत. ती मी वाकडी लावली, आणि तुम्ही ती तशीच राहू दिलीत. पंधरा दिवसांनी मला राहवलं नाही. तुम्ही विहिरीकडे होता तेव्हा मी माझ्या सरीत बसून बोटानं माती उकरली, काही आलंय का बघायला. आलं होतं. माझ्या नखानं कोंब मोडला. तुम्ही मागून आलात, माती सारखी केलीत आणि माझ्या शेजारी उकिडवे बसलात. "साहेब," म्हणालात, "त्ये आपल्याला दावायला उगवत न्हाई. त्येला उगवायचंय म्हून उगवतंय."

त्या वर्षी मी रोज सकाळी तुमच्या रानात येऊ लागलो. मला वाटायचं मी शेती बघायला येतो. तुम्ही मात्र माणसांबद्दल बोलत असायचात. पाणी जास्त झालं की गड्डा खालून सडतो आणि वरचा पाला बरेच दिवस हिरवाच राहतो, हे तुम्ही मला एक पिवळं पडू लागलेलं झाड उपटून दाखवलंत. आणि मग सहज म्हणालात, "रोज प्रार्थनासभा लावू नका, साहेब. बायकांस्नी घरात जरा गप बसू द्या. मुरू द्या." मी तेव्हा आठवड्याला सहा सभा लावल्या होत्या. वरिष्ठांना पाठवायच्या माझ्या अहवालात त्या छान दिसत.

तरीही मी शिकलो नाही, आणि त्याची झळ फिलिपला बसली.

फिलिप टेम्पो चालवायचा. उंब्रजच्या हायवेला त्याचा स्टँड. बापाशी भांडून त्यानं चर्च सोडलं होतं, पण माझ्या दुसऱ्या वर्षी तो रविवारी येऊन बाहेर पायरीवर बसू लागला. आत येत नसे. तुम्ही तुमची आतली जागा सोडून त्याच्याशेजारी पायरीवर बसायला लागलात. दोघं बोलत नसायचात. असे आठ-नऊ महिने गेले. मग तो आत आला, शेवटच्या बाकावर. मला इतका आनंद झाला, की त्याच रविवारी उपदेश थांबवून मी त्याला पुढं बोलावलं. "फिलिप, प्रभूनं तुला कसं परत आणलं ते सगळ्यांना सांग."

तो उभा राहिला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. "मला काय सांगायचं न्हाई," म्हणाला, आणि बाहेर निघून गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते तेवढं एकदाच. भरणीचे दिवस होते. हळदीचे नवे गड्डे मातीतून वर डोकावायला लागलेले, आणि तुम्ही कुदळीनं त्यांच्यावर माती ओढत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "ह्यो वर आलाय म्हून लोकांला दावायचा नसतोय. ह्येच्यावर माती घालायची असतीया. उन्हात पडला तर हितंच थांबला त्यो. कळतंय का?" मग कुदळ टाकलीत. "न्हाई कळत तुमास्नी."

त्यानंतर वर्षभर तुम्ही दर गुरुवारी एसटीनं उंब्रजला गेलात, टेम्पो स्टँडवर. काय बोलायचात ते मी कधी विचारलं नाही. फिलिप परत आला, आणि मी त्याची माफी मागितली नाही. त्याच्या परत येण्याचा अहवाल मात्र पाठवला.

आता जे सांगायचं आहे त्याला तुम्ही साक्षीदार होता, तरी माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

सांगलीला तीन दिवसांची मोठी सभा होती. जिल्हाभरातल्या मंडळ्या आल्या होत्या. एक उपदेशक ऐन वेळी आजारी पडला आणि मला अर्धा तास मिळाला. तयारी काहीच नव्हती. मी उभा राहिलो आणि तुमचं रान बोलायला लागलो. मोडलेला कोंब, सडलेला गड्डा, भरणी. लोक इतके शांत झाले, की मंडपाच्या कनातीचा आवाज येत होता. तुमचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. पण मी म्हणालो, "माझे आजोबा म्हणायचे." माझे आजोबा मिरज स्टेशनात हमाल होते, काका. त्यांनी हळद बघितली ती पोत्यातली.

तुम्ही तिसऱ्या रांगेत होता.

सभा सुटल्यावर मी तुम्हाला चुकवायला निघालो, पण तुम्ही गाठलंत. "साहेब, एक चुकलं," म्हणालात. "भरनी तुमी लागनीनंतर म्हयन्यात केली. अडीच म्हयनं तरी जाऊ द्याला पायजेत. शेतकरी व्हतं बसलेलं, हसतील." आणि पिशवीतनं काकीनं दिलेली चटणी-भाकरी काढून अर्धी मला दिलीत. मी ती खाल्ली. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटली नाही, राग आला. हा माणूस आता मला माझ्याच उपदेशातल्या चुका सांगणार!

मग बोलावणी सुरू झाली. लोणंद, सातारा, वाई, पार पुण्यापर्यंत. लोक मला शेतकरी पाळक म्हणायला लागले. माझी बदली सांगलीच्या मोठ्या मंडळीत झाली. तिथल्या लोकांनी माझ्या उपदेशांची पुस्तिका छापली, मुखपृष्ठावर हिरवं पान. प्रस्तावनेत मी बायकोचे आभार मानले, टंकलेखकाचे मानले. पुस्तिकेची एक प्रत तुम्हाला पोस्टानं पाठवली. पहिल्या पानावर लिहिलं, 'आदरणीय शांतवनकाकांना प्रेमपूर्वक.' ते लिहिताना हात थांबला नाही, हे मला जास्त लागतं.

तुम्ही काही देवमाणूस नव्हता, हेही इथंच सांगून टाकतो. नाहीतर मी तुम्हालाही उपदेशातलं पात्र करून टाकीन. बांधावरून धाकट्या भावाशी तुमचं सोळा वर्षं बोलणं नव्हतं. एकदा मी डिवचलं, "काका, मला क्षमा शिकवता आणि स्वतः भावाच्या दारावरून मान फिरवून जाता?" खरं तर पुस्तिकेनंतर मला तुमच्यात काहीतरी उणं सापडायला हवंच होतं. तुम्ही म्हणालात, "व्हय. त्येवढं न्हाई जमलं मला." तुमच्या मातीला तो भाऊ आला होता, काका. कडेला उभा होता, टोपी हातात घेऊन. सगळे गेल्यावरही उभा होता.

आणि आता तो कापणीच्या सणाचा रविवार.

सांगलीच्या चर्चमध्ये वेदीपुढं ऊस, द्राक्षं, भोपळे, हळदीची रोपं मांडलेली. मीच तुम्हाला तुमच्या अनुभवाची साक्ष द्यायला बोलावलं होतं. का, ते आज नीट सांगता येत नाही. बहुतेक मला मनातल्या मनात परतफेड करायची होती, कुणाला न कळता. फिलिप तुम्हाला टेम्पोतून घेऊन आला. तुम्ही धुतलेला सदरा घालून उभे राहिलात आणि दहा मिनिटं बोललात. माइक तुमच्या तोंडापासून लांबच राहिला. तुम्ही मोडलेल्या कोंबाचं सांगितलंत, माझं नाव न घेता. "एक जवान पोरगं व्हतं," म्हणालात.

चहाच्या वेळी आमच्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, बाई तुमच्याजवळ आल्या, चांगल्या मनानं, हसत. "काका, साहेबांची पुस्तिका अगदी पाठ केलीत की तुम्ही! शब्दन् शब्द!"

मी तुमच्या शेजारीच उभा होतो. हातात कप होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. 'नाही बाई, उलटं आहे.' एवढंच. फिलिप समोर होता. तो माझ्याकडे बघत होता आणि थांबला होता, मी बोलायची वाट बघत.

मी हसलो. काका, मी नुसता हसलो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नजरेत राग नव्हता, काळजी होती, एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तशी. मग बाईंना म्हणालात, "व्हय व्हय. साहेबांकडनंच शिकलो की समदं." आणि बशीतली बिस्किटं बाईंच्या पोराला दिलीत. फिलिपनं त्याचा कप न पिता टेबलावर ठेवला आणि टेम्पोकडे निघून गेला.

त्यानंतर आपली भेट झाली ती मिरजेच्या दवाखान्यात. छातीत पाणी झालं होतं तुमच्या. मी येताना वाटेत सगळं ठरवून आलो होतो, शब्दसुद्धा. काकी बाहेर औषध आणायला गेल्या, आपण दोघंच उरलो. तुम्ही म्हणालात, "बसा. बोला कायतरी." मी म्हणालो, "काका, मला तुमच्याशी बोलायचंय." तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. आणि मी काय केलं? प्रार्थना केली. सुंदर प्रार्थना केली. शेजारच्या खाटेवरच्या बाबांच्या नातेवाईकांनीसुद्धा हात जोडले. आमेन म्हटल्यावर तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "झालं?" मी म्हणालो, झालं. "बरं," म्हणालात.

त्या 'झालं?'चा अर्थ मला कळला होता, काका. तुम्ही मला आणखी एक संधी देत होता. मी घड्याळ बघितलं आणि उठलो.

पाच दिवसांनी फिलिपचा फोन आला. "गेलं काका," एवढंच बोलला.

मातीच्या दिवशी काय झालं ते सांगितलंच. तिसऱ्या दिवशी मी एकटाच तुमच्या घरी गेलो. काकी ओट्यावर बसल्या होत्या. काढणीला आलेली हळद रानात उभी आहे, मजूर सांगायला हवेत, असं काहीतरी बोलत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. आजोबांचं, पुस्तिकेचं, चहाचं, दवाखान्याचं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला हाकलतील.

"आवं साहेब," काकी म्हणाल्या, "त्ये पुस्तक त्यांला मीच वाचून दावलं. डोळं कमी झालं व्हतं न्हवं. चार दीस लागलं वाचाया."

"काय म्हणाले काका?"

"हसलं आधी. म्हनलं, बोलनं बरं जमलंय ह्यांला. सगळं ऐकलं. मग आखरीला म्हनलं, आगं, पर ह्यात साहेब कुटं हायती?" काकींनी पदरानं तोंड पुसलं. "म्हनलं, माजंच समदं सांगितलंय. त्या मानसाचं सोताचं काय उगवलं का न्हाई, त्ये काय कळंना. मग रोज तुमच्यासाटी प्रार्थना करायचं. त्येच बोलून. साहेबांच्यात उगवू दे म्हून."

काका, माझ्यावर खटला भरला असतात तरी चाललं असतं. मी बारा वर्षं तुमचं नाव चोरलं या भीतीत जगलो, आणि तुम्हाला त्या नावाचं काहीच नव्हतं. तुम्हाला माझी काळजी होती. मी गावोगाव इतरांच्या वाढीबद्दल बोलत फिरत होतो, आणि तुम्ही ओट्यावर बसून माझ्यासाठी मागत होता.

मी काकींना म्हणालो, "मला माफ करा." त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मला ठावंच व्हतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी जाऊन सांगा."

पुढच्या रविवारी सांगितलं. या वेळी अलंकार लावले नाहीत, कारण माझे अलंकार लोकांना फार आवडतात. म्हणालो, "पुस्तिकेतले उपदेश माझे नाहीत. ते शांतवनकाकांचे आहेत. माझ्या आजोबांनी शेती केली नाही. चहाच्या दिवशी काकांनी माझी पुस्तिका पाठ केली नव्हती. मी गप्प राहिलो आणि त्यांना खोटं बोलायला लावलं." आणि खाली बसलो. ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीला कळेना, वाजवायचं की नाही.

नंतर पंचांची बैठक झाली. मातीच्या दिवशी मला मोठेपणा देणारे ते वडीलधारे पंचच म्हणाले, "साहेब, एवढं काय त्यात? सगळे उपदेशक इकडचं तिकडचं घेतात." त्यांना विषय मिटवायचा होता. मला तो मिटायला नको होता, पण तसं म्हणणं हीसुद्धा पुन्हा ऐटच झाली असती, म्हणून गप्प राहिलो. पुस्तिका विकायची थांबवली आहे. शब्बाथशाळेच्या बाईही बैठकीला होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "मी त्या म्हाताऱ्या माणसाला तसं बोलले, साहेब, आणि तुम्ही मला बोलू दिलंत." मग म्हणाल्या, "आता पुढच्या रविवारी काय सांगणार?"

"माहीत नाही," म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. त्या रविवारी शास्त्रवाचन झाल्यावर मी म्हणालो की माझ्याकडे आज बोलण्यासारखं काही नाही, आपण थोडा वेळ बसू. बसलो. काही लोकांना ते आवडलं नाही. दोन कुटुंबं उठून गेली. मला पहिल्यांदा जाणवलं, की इतक्या वर्षांत मी या लोकांबरोबर कधी नुसता बसलोच नव्हतो. पायरीवर तुम्ही बसायचात तसा.

त्याच दुपारी फिलिपचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"ऐकलं मी," तो म्हणाला. मागे हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. "चांगलं केलंसा."

मी म्हणालो, "फिलिप, तुला पुढं बोलावलं होतं त्या दिवसाबद्दलही माझं चुकलं. त्याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो."

तो म्हणाला, "साहेब, काकांनी तुमास्नी तवाच माफ केलं व्हतं. मला म्हाईत हाय, त्या चहाच्या दिवशी माघारी जाताना मी टेम्पोत इचारलं व्हतं त्यास्नी. पर मी न्हाई केलं अजून. खोटं कशाला बोलू. मला येळ लागंल."

काका, माझ्या तोंडाशी किती वाक्यं आली होती! मला ती सगळी बोलता येतात. मी म्हणालो, "लागू दे." त्यानं फोन ठेवला.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. मी त्याला फोन केलेला नाही. हात रोज फोनकडे जातो, पण नाही करत.